पाणी कोणत्या पायरीला आले की निघायचे?

वाचकहो, कृष्णा, वारणा किंवा पंचगंगेच्या काठच्या एखाद्या जुन्या घरी आपण गेलात, तर घरातील वडीलधारी व्यक्ती आपणांस भिंतीवरची एक खूण हमखास दाखवील. कोठे ती रंगाने ओढलेली रेघ असते, कोठे पाण्याने मागे ठेवलेला मातकट डाग असतो, तर कोठे नुसती जिन्याची एक पायरी असते. "२००५ साली पाणी इथपर्यंत आलं होतं," असे सांगताना स्वरात भीतीपेक्षा एक प्रकारचा जिव्हाळाच अधिक असतो. त्या पुरातून घर तरले, माणसे तरली, याचे समाधान त्या स्वरात असते.

ही खूण म्हणजे घराचे शहाणपण होय. परंतु २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच खुणेने अनेक घरांना फसविले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. २००५ च्या महापुरात तेथे पाणी सुमारे ५४ फुटांपर्यंत चढले होते. २०१९ मध्ये ते साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास पोहोचले. साडेतीन फुटांचा हा फरक कागदावर लहान दिसतो. मात्र ज्या घरात जुन्या खुणेच्या जेमतेम वर आजोबांचा पलंग लावलेला होता, त्या घरात साडेतीन फूट म्हणजे पलंगावर बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंतचे पाणी.

"इतके कधी आले नव्हते" हे वाक्य त्या दिवसांत काठच्या गावोगावी ऐकू आले. ते खरेच होते. आणि ते खरे होते म्हणूनच घातक ठरले. आपत्तीचे व्यवस्थापन धरणाच्या दरवाजांपाशी किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात सुरू होते, असे आपण समजतो. वस्तुतः त्याची सुरुवात माणसाच्या मनात होते. धोका केवढा आहे, कोणाला आहे आणि कधी आहे, याचे जे चित्र मनात उमटते, त्यावर माणूस निघतो की थांबतो हे ठरते. घरातील ज्येष्ठांच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. म्हणून पावसाळ्यापूर्वीच त्याचा विचार करणे हिताचे.

अनुभवाची भिंत

अमेरिकेतील भूगोलतज्ज्ञ रॉबर्ट केट्स यांनी १९६२ मध्ये पूरक्षेत्रात राहणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले, की लोक भविष्यातील पुराची कल्पना स्वतः पाहिलेल्या पुराच्या मापानेच करतात. जेवढा पूर अनुभवला, तेवढीच पुराची कमाल मर्यादा, असे मन ठरवून टाकते. त्यापलीकडचे पाणी बुद्धीला पटले तरी मनाला पटत नाही. अनुभव हा माणसाचा गुरू असतो, तसाच तो तुरुंगही होऊ शकतो.

पुढे १९७३ मध्ये अॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की जी घटना चटकन आठवते ती आपल्याला अधिक संभवनीय वाटते. पुराच्या दुसऱ्या वर्षी सारे गाव ढग पाहून सावध होते. पाच-सहा कोरडी वर्षे गेली, की तोच ढग नेहमीचा वाटू लागतो. नदीने आपला स्वभाव बदललेला नसतो, फक्त आपली आठवण फिकी झालेली असते.

तिसरी गोष्ट ओळखीची. जो धोका परिचयाचा आहे आणि आपण आपखुशीने पत्करलेला आहे, तो माणसाला लहान वाटतो, असे पॉल स्लोविक यांनी १९८७ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडले. आपल्या नद्यांना हे तंतोतंत लागू पडते. कृष्णेला आपण 'कृष्णामाई' म्हणतो, तिची ओटी भरतो. आईची भीती कोण बाळगतो? शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढून दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजाने बाहेर पडते, तेव्हा भाविक त्या 'दक्षिणद्वार सोहळ्या'त स्नानासाठी गर्दी करतात. पाणी चढणे हा तेथे आनंदाचा क्षण आहे, आणि त्यात काही गैर नाही. नदीशी असलेले हे नाते शतकांचे आहे. परंतु तेच पाणी आणखी काही फूट चढले की त्याचा अर्थ पालटतो. तो कोणत्या फुटाला पालटतो, हे आधी ठरविलेले नसेल, तर आनंद आणि अनर्थ यांमधली वेळ हातातून निसटते.

करवीर तालुक्यातील चिखली आणि आंबेवाडी या गावांची कथा याच संदर्भात विचार करण्याजोगी आहे. १९८९ च्या पुरानंतर तेथील पूरग्रस्तांना सोनतळी येथे उंचावर भूखंड देण्यात आले. तरीही अनेक कुटुंबांचे नांदते घर जुन्या गावठाणातच राहिले. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. शेत जवळ, गोठा जवळ, देव जवळ, शेजार जवळ. दररोजच्या जगण्याचे हे धागे एका बाजूला, आणि काही वर्षांनी कधीतरी येणारा पूर दुसऱ्या बाजूला. माणूस रोजच्या सोयीच्या बाजूने कौल देतो. धोक्याची जाणीव ही केवळ माहितीची बाब नसते, ती जगण्याच्या साऱ्या हिशेबाची बाब असते.

ज्येष्ठांचे 'नको' आणि त्यामागील कारणे

आपत्तीत सर्वाधिक हानी कोणाची होते, याची आकडेवारी जगभर एकच गोष्ट सांगते. २००५ मध्ये अमेरिकेत आलेल्या कॅटरिना चक्रीवादळात लुईझियाना राज्यातील मृतांपैकी जवळजवळ निम्मे लोक ७५ वर्षे वा त्याहून अधिक वयाचे होते. २०११ मध्ये जपानवर त्सुनामीचे संकट आले, तेव्हा मृतांपैकी सुमारे दोन-तृतीयांश व्यक्ती साठीच्या पुढच्या होत्या. दोन्ही देश संपन्न, दोन्हीकडे इशाऱ्याची यंत्रणा होती. तरीही ज्येष्ठ मागे राहिले.

मागे राहण्याची काही कारणे शरीराची असतात. गुडघे साथ देत नाहीत, कमी ऐकू येते, रात्री दिसत नाही, तहान लागल्याचे लवकर कळत नाही. परंतु बरीच कारणे मनाची असतात, आणि ती घरात क्वचितच उघडपणे बोलली जातात. निवाऱ्याच्या जागी जमिनीवर बसावे लागेल, उठता येणार नाही. शौचालय लांब असेल, रात्री कोणाला उठवायचे? आपल्यामुळे मुलासुनेचा खोळंबा होईल. गाभण म्हैस गोठ्यात सोडून कसे जायचे? देवाची पूजा चुकेल. गेलेल्या जोडीदाराने बांधलेले घर उघडे टाकून जाणे म्हणजे त्यालाच सोडून जाणे. हे सारे एका शब्दात बाहेर पडते: "नको."

आपल्या घरांत ज्येष्ठांच्या 'नको'ला मान असतो, आणि तो असावाही. पण त्याचा परिणाम असा होतो, की आजोबा निघत नाहीत म्हणून मुलगा थांबतो, मुलगा थांबतो म्हणून सून आणि नातवंडे थांबतात. एका व्यक्तीने केलेला धोक्याचा अंदाज साऱ्या कुटुंबाचा अंदाज होतो. मग रात्री पाणी उंबऱ्याला लागते आणि सर्वांना एकदमच, अंधारात, मिळेल त्या साधनाने निघावे लागते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची नाव उलटून अनेकांचा अंत झाला. शेवटच्या घटकेला सर्वांनाच एका नावेत बसायचे असते. ती घटका येऊ न देणे, हाच खरा बचाव होय.

"वरच्या माडीवर जाऊन बसू" हा दुसरा मोह. पाणी माडीपर्यंत येत नाही हे बहुधा खरेही ठरते. परंतु २०१९ मध्ये अनेक ठिकाणी पाणी आठवडाभर उतरले नाही. वीज नाही, नळाला पाणी नाही, दूध नाही. कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच कित्येक दिवस बंद राहिला. धडधाकट माणूस माडीवर आठवडा काढू शकतो. ज्यांना एक दिवसाआड डायलिसिस घ्यावे लागते, ज्यांचा श्वास विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजन यंत्रावर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी माडी म्हणजे आसरा नव्हे, ती कोंडी होय.

प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळा पूर

धोक्याविषयीची ही दृष्टी केवळ व्यक्तींची नसते, संस्थांचीही असते. पंचगंगेचे पाणी चढू लागते तेव्हा जलसंपदा विभागाचे लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर, राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांवर आणि कोयनेच्या विसर्गावर असते. त्यांचा पूर फुटांत आणि क्युसेकमध्ये मोजला जातो. जिल्हा प्रशासनाच्या डोळ्यांपुढे हलवावयाची गावे आणि उपलब्ध बोटी असतात. वीज कंपनीला विजेचा धक्का लागून कोणी दगावू नये याची चिंता असते, म्हणून ती पाणी चढताच पुरवठा तोडते. रुग्णालयाला आपल्या खाटांची आणि जनित्राच्या डिझेलची काळजी असते. औषध दुकानदाराला तळमजल्यावरचा माल वर न्यायचा असतो. शेतकऱ्याचा जीव गोठ्यात अडकलेला असतो.

यांपैकी कोणाचीही चिंता खोटी नाही. अडचण येते ती या चिंता एकमेकींना भेटत नाहीत तेव्हा. वीज तोडणे योग्यच, पण त्या गल्लीत ऑक्सिजन यंत्रावर असलेल्या आजी आहेत हे वीज कर्मचाऱ्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असते आशा कार्यकर्तीला. आशाताईंकडे यादी असते, पण वाहन नसते. वाहन असते साखर कारखान्याकडे किंवा शाळेकडे. त्यांना कोणाला आणायला जायचे हे माहीत नसते. मदतीचे ट्रक लांबून येतात, त्यांत जुन्या कपड्यांचे ढीग असतात, आणि छावणीतील आजोबांना हवी असते रक्तदाबाची गोळी. सदिच्छा भरपूर, पण प्रत्येकाने आपापल्या मनातल्या पुराशी झुंज दिलेली.

आपल्या देशात २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण निर्माण केले, ते ही तुटलेली साखळी जोडण्यासाठीच. महाराष्ट्राला अशा व्यवस्थेची निकड ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने फार आधीच दाखवून दिली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर जिल्हा प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवावी आणि धोक्याच्या वेळी त्यांना योग्य प्रकारे कळवावे, अशी स्पष्ट तरतूद आहे. आपल्या घरी अंथरुणाला खिळलेली वा अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेली ज्येष्ठ व्यक्ती असेल, तर ही नोंद मागणे हा आपला हक्क आहे. मात्र नोंद आपोआप होत नाही. कोणीतरी ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात जाऊन विचारावे लागते.

ओडिशाने काय केले?

धोक्याची दृष्टी बदलता येते का? आपल्याच देशातील ओडिशाचे उदाहरण पाहू. तेथील संकट पुराचे नव्हे, चक्रीवादळाचे. परंतु मनाचा प्रश्न तोच होता. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. पुढे किनाऱ्यावर पक्के चक्रीवादळ निवारे उभे राहिले. त्यांत शासनाबरोबर रेडक्रॉससारख्या संस्था आणि जागतिक बँकेचे साहाय्य होते. २०१३ मध्ये फायलिन वादळ आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलविण्यात आले, आणि मृतांची संख्या काही दहांपुरती मर्यादित राहिली.

या यशात सिमेंटइतकाच वाटा विश्वासाचा आहे. अनेक निवाऱ्यांची देखभाल गावातील समितीच करते आणि एरवी तेथे शाळा भरते. त्यामुळे संकटाच्या रात्री तेथे जाणे म्हणजे परक्या छावणीत जाणे राहत नाही. नातवंडाच्या शाळेत जाण्यासारखेच ते असते. निघण्याचा निरोप घेऊन येणारा तरुणही गावातलाच असतो. अनोळखी ध्वनिक्षेपकाचा इशारा कानांवर पडतो, ओळखीच्या माणसाचा शब्द मनात उतरतो. धोका ओळखण्यास शिकविणे म्हणजे भीती घालणे नव्हे. भीतीने माणूस गोठतो. "कोठे जायचे, कोणाबरोबर जायचे, तेथे माझी सोय काय" या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की तोच माणूस पाऊल उचलतो.

आपल्या घराची पायरी

आता हे सारे आपल्या उंबऱ्याच्या आत आणू. प्रत्येक नदीकाठच्या कुटुंबाने उन्हाळ्यातच, अंगणात धूळ असताना, एक निर्णय करून ठेवावा: पाण्याच्या कोणत्या पातळीला घरातील ज्येष्ठ निघतील. 'पाणी वाढले तर बघू' हा निर्णय नव्हे. 'नदीने इशारा पातळी गाठली की त्याच दिवशी, उजेड असताना आजी निघणार' हा निर्णय होय. कोल्हापूरकरांसाठी राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. धडधाकट माणसे धोका पातळीपर्यंत थांबोत, पण ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी इशारा हाच धोका समजावा. आपल्या गावची अशी पातळी कोणती, हे ग्रामपंचायतीकडून विचारून घ्यावे आणि दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावे.

हे बोलणे कसे काढावे, यावर पुष्कळ अवलंबून आहे. "तुम्हाला काही कळत नाही, सांगतोय तेवढं ऐका" असे म्हटले, की पुढचे सारे दार बंद होते. ज्येष्ठांची आठवण ही अडचण मानू नये, तिलाच पाया करावे. एखादी सून असे विचारू शकते:

"आबा, २००५ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, तेवढं मला दाखवता का?"

"ही काय, चौथी पायरी. पाचवीला शिवलं नाही."

"आणि २०१९ ला?"

"तेव्हा मात्र सातवी गेली. कुणाला वाटलं होतं?"

"मग आणखी दोन पायऱ्या वर आलं तर आपण काय करायचं, ते आताच ठरवू या ना. तुम्हीच सांगा, पाणी कुठं आलं की निघायचं?"

येथे निर्णय आबांचाच राहतो. खूण त्यांची, मोजणी त्यांची, शब्दही त्यांचा. अनुभवाची भिंत पाडायची नसते, तिच्यावर आणखी दोन पायऱ्या रचायच्या असतात. आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी २०१९ ची पातळीही ओलांडली, हे आबांना सांगण्याजोगे आहे. दोनच वर्षांत सर्वांत मोठ्या पुराची रेघ पुन्हा वर सरकली होती.

कधी असेही होईल, की सारे सामान बांधून आपण निघालो आणि पाणी उंबऱ्यापाशी येऊन परत फिरले. त्या वेळी "उगीच धावपळ केली" असे कोणी म्हणू नये. पाणी घरात आले नाही ही चूक नव्हे, ते भाग्य होय. एका वर्षीची चेष्टा पुढच्या वर्षी कोणाचा तरी पाय घरात अडकवून ठेवते.

निर्णयाबरोबर माणसेही ठरवावीत. एका ज्येष्ठ व्यक्तीभोवती पाच जणांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक एका कागदावर असावेत: उंचावर राहणारे एक नातेवाईक, वाहन असलेला एक शेजारी, नेहमीचे डॉक्टर, औषध दुकानदार आणि आशा कार्यकर्ती वा ग्रामपंचायत सदस्य. मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशी असतील, तर त्यांनी या पाच जणांशी पावसाळ्यापूर्वी एकदा स्वतः बोलावे. डायलिसिसच्या रुग्णांनी आपल्या केंद्राला विचारून ठेवावे, की रस्ता बंद झाला तर पर्यायी केंद्र कोणते. ऑक्सिजन यंत्र वापरणाऱ्यांनी वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयात आपली माहिती द्यावी आणि भरलेल्या सिलिंडरची सोय पाहून ठेवावी. गोठ्यातील जनावरे कोठे न्यायची हेही याच वेळी ठरवावे. म्हैस सुरक्षित आहे हे कळले, की आजोबांचे अर्धे 'नको' गळून पडते. शासन, रुग्णालय, स्वयंसेवी संस्था यांच्या भागीदारीविषयी आपण मोठमोठे शब्द ऐकतो. तिचे सर्वांत लहान आणि सर्वांत खात्रीचे रूप म्हणजे हा पाच नावांचा कागद.

निघताना सोबत काय असावे?

जूनच्या प्रारंभीच एक पाणी न शिरणारी पिशवी तयार करून दाराजवळ टांगावी. तिच्यात पुढील वस्तू असाव्यात:

• किमान पंधरा दिवसांची औषधे, आणि औषधांची नावे, मात्रा, वेळा ठळक अक्षरांत लिहिलेला कागद.
• आजार, ॲलर्जी, रक्तगट आणि डॉक्टरांचे नाव यांची नोंद, आधारपत्र व आरोग्य योजनेच्या कार्डाची प्रत.
• चष्म्याची जादा जोडी, श्रवणयंत्राचे सेल, कवळीची डबी, काठी वा वॉकर.
• लागत असल्यास मोठ्यांचे डायपर, मूत्रनलिकेची पिशवी, मेणकापड.
• विजेरी, शिट्टी, गरम शाल, सुका खाऊ, पाण्याची बाटली आणि थोडी रोख रक्कम.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे फ्रीजबाहेर, सावलीच्या थंड जागी राहू शकते. ओल्या मातीच्या मडक्यात डबी ठेवण्याची जुनी युक्ती वीज नसताना उपयोगी पडते. ती उन्हात ठेवू नये आणि बर्फाला थेट चिकटवूही नये.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला अनोळखी जागी फार गोंधळायला होते. तिच्या अंगावर नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी शिवून ठेवावी, ओळखीची एखादी गोधडी किंवा जपमाळ सोबत द्यावी आणि एकच व्यक्ती सतत जवळ असेल असे पाहावे. निवाऱ्यात शौचालयाजवळची, पण वर्दळीची नसलेली जागा आणि एक खुर्ची मागण्यास संकोच करू नये. खुर्चीअभावी अनेक ज्येष्ठ पाणी पिणेच टाळतात, कारण उठायला लागू नये. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, चक्कर आणि पडणे असे एकामागून एक त्रास उद्भवतात.

मदतीसाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, तातडीच्या साहाय्याचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावेत.

पाणी ओसरल्यावर

पूर ओसरला की धोका संपला, असे मनाला वाटते. धोक्याच्या जाणिवेची ही शेवटची फसगत. घरी परतण्याची घाई ज्येष्ठांनाच सर्वांत अधिक असते, आणि त्यांनीच सर्वांत शेवटी परतावे हे बरे. वीज जाणकाराने तपासल्याखेरीज बटणाला हात लावू नये. चिखलात, अडगळीत साप असतात. दंश झाल्यास गावठी उपचारात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायाच्या लहानशा भेगेतूनही लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. मधुमेहींना पायाच्या जखमा कळत नाहीत, म्हणून त्यांनी चिखलात अनवाणी उतरूच नये. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांना दाखवावे व पुराच्या पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगावे. पाणी उकळून प्यावे. जुलाब झाल्यास जलसंजीवनी द्यावी. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तिचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मनाचीही काळजी घ्यावी. भिजलेले फोटो, वाहून गेलेली भांडी, मेलेली गाय यांचे दुःख वृद्ध माणूस बोलून दाखवतोच असे नाही. तो गप्प होतो, जेवण कमी करतो, रात्री जागा राहतो. त्याच्याशेजारी बसून पुराची हकीकत पुन्हा पुन्हा ऐकून घेणे, हेही औषधच होय. आणि ऐकताना या वेळचे पाणी कोठवर आले होते, त्याची नवी रेघ त्याच्याच हातून भिंतीवर ओढून घ्यावी.

नृसिंहवाडीची आणखी एक रीत आहे. पाणी चढू लागले की श्रींची उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेली जाते. त्यासाठी कोणी पाणी गाभारा भरण्याची वाट पाहत नाही, आणि देवाला हलविले म्हणून कोणाला कमीपणाही वाटत नाही. पाणी उतरले की मूर्ती पुन्हा खाली येते, पूजा पुढे चालू राहते. वाचकहो, जी तत्परता आपण देवासाठी दाखवितो, ती आपल्या आईवडिलांसाठी आणि स्वतःसाठी दाखविण्यात संकोच कसला? यंदाचा पाऊस सुरू होण्याआधी घरातील सर्वांनी एकदा जिन्यापाशी उभे राहावे, आणि ज्येष्ठांनीच बोट ठेवून सांगावे: "पाणी इथं आलं, की मी निघणार."